विमानाचे दफ्तर

बुलढाण्याहून राजूरचा घाट उतरून मलकापूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर मोताळा हे तालुक्याचे गाव लागते; आणि तालुक्याचे गाव म्हटले की तेथे तहसील कचेरी असणे, कचेरीत दफ्तर असणे, आणि त्या दफ्तरात आसपासच्या खेड्यांची सारी कैफियत नमुन्यानमुन्यांतून नोंदलेली असणे हे ओघानेच आले. कोणत्या गटात कपाशी आहे, कोणत्या गटात सोयाबीन, विहीर कोणाची आणि बोजा कोणाचा, हा सगळा तपशील तलाठ्यापाशी असतो. २०२१ पासून तर शेतकरी स्वतःच मोबाइलवरून आपल्या पिकाची नोंद करू लागला आहे. परंतु हा तपशील जसाच्या तसा वर जात नाही. तहसीलदारापुढे गावनिहाय गोषवारा येतो, जिल्हाधिकाऱ्यापुढे तालुकानिहाय येतो, आणि मुंबईस मंत्रालयात पोहोचेपर्यंत हजारो बांधांवरचे हिरवे-पिवळे वास्तव आटत आटत पैसेवारी नावाच्या एका आकड्यात येऊन बसते. तो आकडा पन्नासाच्या आत आला तर सवलतींची दारे उघडतात, वर राहिला तर बहुधा मिटलेलीच राहतात. एकच माहिती, पण खालच्या पायरीवर ती नोंद असते, मधल्या पायरीवर तुलना होते आणि वरच्या पायरीवर निर्णयाचे कारण ठरते. व्यवस्थापन माहिती प्रणाली या भारदस्त नावाखाली विद्यापीठांतून जे शिकविले जाते, त्याचा गाभा या उतरंडीत पुरता सामावलेला आहे, आणि वऱ्हाडातील वाचकाला तो समजावून सांगण्यासाठी परदेशी ग्रंथांचा आधार घेण्याचे कारण नाही.

मात्र ही तुलना एका ठिकाणी थांबते, आणि ती जेथे थांबते तेथूनच आपल्या विषयाला आरंभ होतो. आमच्याकडे खरिपाची अंतिम पैसेवारी ३१ डिसेंबरला जाहीर होते, म्हणजे बहुतेक पिकाचे जे व्हायचे ते होऊन गेल्यावर; आणि महसुली कारभाराला हा विलंब सोसतो, कारण त्याला झालेल्या गोष्टीची जबानी हवी असते. विमान कंपनीचा माल असा नाही. तिचा माल म्हणजे अमुक दिवशी, अमुक वेळी, अमुक ठिकाणाहून सुटणाऱ्या विमानातील एक खुर्ची. आणि विमानाचे दार लागले की रिकाम्या खुर्चीची किंमत तत्क्षणी शून्य होते. ती वखारीत ठेवता येत नाही, उद्याच्या मालात मिसळता येत नाही, मोडीतही काढता येत नाही. इंधन, वैमानिकाचे वेतन, विमानाचे भाडे, विमानतळाची पट्टी हा खर्च मात्र ती खुर्ची भरली काय आणि न भरली काय, जवळजवळ तेवढाच राहतो. तेव्हा या धंद्यात माहितीला दाराच्या अगोदर पोहोचावे लागते. दार लागल्यानंतर आलेली माहिती, ती कितीही बिनचूक असली तरी, इतिहास या सदरात जमा करावी लागते.

आरंभी या दफ्तराची कोणाला गरज भासली नव्हती. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपालासह पुस मॉथ जातीचे एक इंजिनी विमान घेऊन अहमदाबादमार्गे मुंबईला जुहूच्या धावपट्टीवर उतरले, आणि तेथून त्यांचे सहकारी नेव्हिल व्हिन्सेंट यांनी ते बेल्लारीमार्गे मद्रासला नेले, तेव्हा त्या सबंध उद्योगाची मालमत्ता दोन विमाने, तीन वैमानिक आणि तीन यांत्रिक एवढीच होती. पावसाळ्यात जुहूच्या दलदलीत धावपट्टी बुडाली की हा सारा संसार उचलून पुण्यास न्यावा लागे. पहिल्या वर्षी या विमानांनी एक लाख साठ हजार मैलांचा प्रवास केला, १५५ प्रवासी नेले आणि साठ हजार रुपयांचा नफा मिळविला. वर्षाकाठी १५५ प्रवासी म्हणजे आठवड्याला तिघे. त्यांची यादी ठेवण्यास एका कारकुनाची वही पुरेशी होती, आणि चालकाला काही जाणून घ्यायचे असेल तर ती वही मागवावी की कारकुनालाच बोलवावे एवढाच काय तो प्रश्न होता.

माहितीचा प्रश्न खऱ्या अर्थाने प्रथम कोठे उभा राहिला असे मला कोणी विचारले, तर मी मुंबईचे नाव न घेता नागपूरचे घेईन. जानेवारी १९४९ मध्ये रात्रीची हवाई टपालसेवा सुरू झाली. तिची रचना मोठी सुबक होती. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास या चार नगरांतून चार विमाने रात्री निघत, मध्यरात्रीच्या सुमारास नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर एकत्र येत, आपापल्या थैल्या आणि प्रवासी यांची अदलाबदल करीत आणि उजाडेपर्यंत आपापल्या गावी परतत. चार नगरे परस्परांशी थेट जोडायची तर सहा मार्ग लागले असते. मध्ये एक ठिकाण धरल्याबरोबर ते काम चार मार्गांत झाले. त्याच वर्षीच्या एप्रिलपासून देशातील पत्रे जादा आकाराशिवाय विमानाने नेण्याचे धोरण अमलात आले, आणि देशाच्या नकाशावर मधोमध असणे हेच नागपूरचे भांडवल ठरले. पुढे अमेरिकेत तातडीच्या पार्सलांचा जो जगद्विख्यात धंदा एका मध्यवर्ती शहरातील मध्यरात्रीच्या अदलाबदलीवर उभा राहिला, त्याची युक्ती वऱ्हाडच्या शेजारी वीस-पंचवीस वर्षे आधी चालू होती, याची आठवण आमच्याच लोकांना फारशी राहिलेली नाही. मुंबईहून नागपूरला जाणारी सरळ रेषा बुलढाणा जिल्ह्यावरूनच जाते. तेव्हा त्या काळी मेहकर-लोणारकडे रात्री रानात जागलीला असलेल्या एखाद्याने तो दूरचा घरघराट ऐकलाही असेल.

आता या रचनेतील पेच पाहावा. समजा, मद्रासचे विमान वादळामुळे दीड तास मागे आहे. बाकीच्या तिघांनी थांबावे की निघावे? थांबले तर तीन नगरांची सकाळची टपालवाटणी मागे पडते. निघाले तर मद्रासच्या थैल्या नागपुरात पडून राहतात आणि मद्रासला जाणाऱ्या थैल्याही. हा निर्णय घेण्यास कोणते आकडे हवेत? मद्रासच्या विमानात किती थैल्या आहेत, त्यांपैकी दिल्लीच्या किती, परतीच्या वाटेवर हवा कशी आहे, आणि वैमानिकांच्या कामाचे किती तास उरले आहेत. यांपैकी प्रत्येक आकडा कोणाच्या ना कोणाच्या वहीत होता. पण मध्यरात्री नागपूरच्या अधिकाऱ्यासमोर तो एकत्र असेल याची शाश्वती नव्हती. बिनतारी यंत्रावरून येईल तेवढे कळे, बाकीचे अनुभवाने ताडावे लागे. ज्याला निर्णय करायचा त्याच्या हाती, निर्णयाच्या घटकेपूर्वी, त्या निर्णयास पुरेल एवढीच माहिती पोहोचविणे, हा विमान व्यवसायातील माहिती प्रणालीचा अगदी मूळचा प्रश्न त्या रात्रींतच पुरतेपणी मांडला गेला होता. पुढील पाऊणशे वर्षांत यंत्रे बदलली, प्रश्न तोच राहिला.

त्या पिढीत माहिती मिळविण्याचा आणखी एक मार्ग होता, तो म्हणजे स्वतः जाऊन पाहणे. १९५३ साली विमानसेवांचे राष्ट्रीयीकरण होऊन एअर इंडिया इंटरनॅशनल आणि इंडियन एअरलाइन्स अशी दोन महामंडळे स्थापन झाल्यावरही जे. आर. डी. १९७८ पर्यंत एअर इंडियाचे अध्यक्ष राहिले, आणि प्रवासात जे जे खटकेल ते निळ्या कागदावर टिपून संबंधितांकडे धाडण्याचा त्यांचा परिपाठ होता. चहा कसा होता, स्वच्छतागृह कसे होते, पडदा कोणत्या रंगाचा होता, यांतील काहीही त्यांना क्षुल्लक वाटत नसे. या टिपणांचे कौतुक पुष्कळ झाले आहे आणि ते योग्यही आहे. पण माहितीशास्त्राच्या दृष्टीने पाहता या पद्धतीची मर्यादाही ध्यानी घ्यावी लागते. ज्या विमानात अध्यक्ष बसले त्या विमानाचे दोष दिसत. ज्यात ते बसले नाहीत त्याचे दिसत नसत. विमाने दहा असतात तोवर हे चालते, शंभर झाली की चालत नाही.

तिकडे अमेरिकेत संख्येच्या याच भाराखाली आसनांचे आरक्षण कोलमडू लागले होते. फिरत्या कार्डपेटीभोवती बसलेले कारकून कार्डे चाळून प्रत्येक आसनाची नोंद करीत, आणि एका आरक्षणाला सरासरी दीड तास लागे. १९५३ साली लॉस एंजल्सहून न्यूयॉर्कला निघालेल्या विमानात अमेरिकन एअरलाइन्सचे प्रमुख सी. आर. स्मिथ आणि आयबीएम कंपनीचे विक्रेते ब्लेअर स्मिथ शेजारी शेजारी बसले; आडनावावरून बोलणे निघाले आणि त्या बोलण्यातून सेबर नावाची संगणकीय आरक्षण प्रणाली जन्मास आली. ती १९६० मध्ये चालू झाली आणि १९६४ पर्यंत साऱ्या देशभर पसरली. दीड तासाचे काम काही सेकंदांवर आले. ही कथा प्रत्येक पाठ्यपुस्तकात असल्यामुळे येथे तिचा विस्तार करीत नाही. तिच्याहून कमी सांगितली जाणारी गोष्ट अशी की, निरनिराळ्या देशांच्या कंपन्यांनी एकमेकींना निरोप कसे धाडावेत यासाठी अकरा विमान कंपन्यांनी मिळून १९४९ सालीच सीटा नावाची सहकारी संस्था काढली होती. म्हणजे नागपुरात थैल्यांची अदलाबदल सुरू झाली त्याच वर्षी युरोपात निरोपांच्या अदलाबदलीची सोय झाली.

आज मोताळ्यात एखाद्या सेवा केंद्रात बसून कोणी संभाजीनगर ते मुंबई आणि पुढे दुबई असे तिकीट काढले, तर दूर कोठेतरी एका यंत्रात सहा अक्षरांकांची एक नोंद उघडते, तिला बोलीभाषेत सगळे पीएनआरच म्हणतात. प्रवाशाचे नाव, प्रवासाचे टप्पे, संपर्काचा दूरध्वनी, तिकिटाचा क्रमांक आणि नोंद कोणी केली, एवढे त्यात असते. जून २००८ पासून कागदी तिकिटे जगभर बंद झाल्यामुळे ही नोंद हेच तिकीट होऊन बसले आहे. तिच्याकडे प्रत्येक खाते आपापल्या गरजेपुरते पाहते. भोजनविभाग शाकाहारी थाळ्या मोजतो. वजनाचा तक्ता करणारा प्रवासी किती आणि सामान किती एवढेच विचारतो, कारण विमानाचा तोल त्यावर ठरायचा असतो. सुरक्षा अधिकारी नाव आणि ओळखपत्र जुळवितो. हिशेबखात्याची दृष्टी तर फारच शिस्तीची. प्रवाशाने दोन महिने आधी भरलेले पैसे रोजकिर्दीत जमा झाले तरी ताळेबंदात ते उत्पन्न म्हणून येत नाहीत. विमान उडेपर्यंत ते कंपनीच्या अंगावरचे देणे समजले जाते. ज्या कंपनीच्या चालकांना तिजोरीतील रोकड आणि कमावलेले उत्पन्न यांतील हा भेद रोजच्या रोज दिसत नाही, त्यांना उद्याच्या प्रवाशांच्या पैशांतून आजचे इंधन भरण्याची सवय लागते, आणि त्या सवयीचा शेवट सहसा चांगला होत नाही.

विमान जागचे हलले की नोंदींचा दुसरा प्रवाह सुरू होतो. चाकाचा अडसर निघून विमान फलाटावरून मागे सरले ती वेळ, चाके जमिनीवरून सुटली ती वेळ, पुन्हा जमिनीला टेकली ती वेळ आणि मुक्कामाच्या फलाटावर उभे राहिले ती वेळ: या चार वेळा १९७८ च्या सुमारापासून विमानातील यंत्रे आपण होऊन कचेरीस कळवू लागली. पूर्वी त्या वैमानिक वहीत लिहीत असे, आणि त्याचा भत्ता या वेळांवर अवलंबून असल्यामुळे लिहिताना हात किंचित उदार होत असावा अशी शंका हिशेबनिसांना नेहमीच असे. चार आकडे दिसावयास साधे. पण वैमानिकांच्या कामाचे तास, इंधनाचा खप, इंजिनाच्या तपासणीची मुदत, धावपट्टीपर्यंत रांगेत गेलेला वेळ आणि वक्तशीरपणाचा टक्का हे सर्व त्यांच्या वजाबाक्यांतून निघते. वेळापत्रकाहून पंधरा मिनिटांपर्यंतचा उशीर उशीर धरू नये असा रिवाज आहे. आमचे नागरी विमान वाहतूक महासंचालनालय दर महिन्याला कंपन्यांचा वक्तशीरपणा जाहीर करते तोही याच मापाने.

उशीर झालाच तर त्याचे कारण लिहावे लागते, आणि ते शब्दांत न लिहिता दोन अंकी संकेतांकाने लिहावे असा आंतरराष्ट्रीय दंडक आहे. हा तक्ता वाचनीय आहे. प्रवासी चढविण्यास वेळ लागला त्याचा अंक निराळा, विमानात बिघाड निघाला त्याचा ४१, आणि ‘हेच विमान आधीच्या फेरीहून उशिरा आले’ याचा ९३. समजा, एखादे विमान पहाटे दिल्लीला धुक्यात चाळीस मिनिटे अडकले. पहिल्या फेरीला धुक्याचा अंक पडेल. परंतु तेच विमान त्यानंतर मुंबई, नागपूर, पुन्हा मुंबई, संभाजीनगर असे दिवसभर फिरणार असेल, तर त्या साऱ्या फेऱ्यांच्या खात्यावर ९३ चढेल. महिन्याचा गोषवारा साहेबांच्या टेबलावर गेला की सर्वांत मोठा आकडा ९३ चाच दिसतो, आणि त्याचा अर्थ काय तर उशीर झाला कारण उशीर झाला होता! कोणत्याही खात्याला जबाबदार न धरणारा हा अंक सर्व खात्यांना प्रिय असतो. संध्याकाळच्या उशिराचा माग काढीत सकाळच्या पहिल्या अपराध्यापर्यंत जाणारी वंशावळ जी प्रणाली मांडते तीच कामाची. जी केवळ बेरजा करते ती छपाईचा कागद वाया घालविते. ९३ चे प्रमाण पाहून एखाद्या कंपनीचे वेळापत्रक किती ताणलेले आहे हे ओळखता येते, पण त्यासाठी तो प्रश्न विचारणारा कोणीतरी वर बसलेला असावा लागतो.

भाड्याचे गणित लोकांच्या रोषाचा विषय आहे, म्हणून ते थोडक्यात पण नीट पाहू. १९७२ साली ब्रिटिश कंपनी बीओएसीमधील केन लिटलवुड यांनी एक नियम मांडला. समजा, स्वस्त तिकीट ३,००० रुपयांचे आहे आणि आयत्या वेळचे ८,००० रुपयांचे. समोर स्वस्तात घेणारा ग्राहक उभा आहे. त्याला नाही म्हणून खुर्ची राखून ठेवावी काय? महाग तिकिटाचे गिऱ्हाईक येण्याचा संभव तीन अष्टमांशाहून, म्हणजे शेकडा साडेसदतीसाहून, अधिक असेल तर राखावी. कमी असेल तर विकून मोकळे व्हावे. बस्स, एवढाच नियम. पण तो संभव किती हे सांगण्यासाठी गेल्या कित्येक वर्षांचा, वारांचा, सणांचा आणि लग्नसराईचा हिशेब हाताशी पाहिजे. १९७८ मध्ये अमेरिकेत भाड्यांवरील सरकारी नियंत्रण उठले आणि पीपल एक्स्प्रेस नावाच्या कंपनीने स्वस्ताईने धुमाकूळ घातला, तेव्हा अमेरिकन एअरलाइन्सचे रॉबर्ट क्रँडल यांनी १९८५ च्या आरंभी या हिशेबाच्या बळावर त्याच विमानातील काही खुर्च्या तितक्याच स्वस्त केल्या आणि उरलेल्या महाग ठेवल्या. सुमारे दोन वर्षांत पीपल एक्स्प्रेस दुसऱ्या कंपनीत विलीन होऊन नामशेष झाली. शेजारच्या प्रवाशाने आपल्याहून निम्मे पैसे दिले आहेत हे कळल्यावर होणारा संताप मला समजतो. पण सर्वांना एकच भाडे लावले तर ते मधले कोठेतरी ठरेल आणि दोन महिने आधी स्वस्त तिकीट काढून जाणारा प्रवासी विमानाबाहेर राहील, हेही सांगितले पाहिजे. दिवाळीच्या गर्दीत भाडे आकाशाला भिडते तेव्हा सरकारने हस्तक्षेप करावा की नाही हा धोरणाचा वाद आहे. यंत्राला त्यात मत नाही.

खुर्चीहून अवघड हिशेब माणसाचा. विमान थकत नाही, वैमानिक थकतो. म्हणून त्याने सलग किती तास उडावे, आठवड्यात किती विसावा घ्यावा, रात्री किती वेळा विमान उतरवावे याचे नियम असतात, आणि शेकडो विमाने व हजारो कर्मचारी यांची हजेरीपटावर सांगड घालणे हे मानवी बुद्धीच्या आवाक्याबाहेरचे काम संगणकाकडे सोपविलेले असते. डिसेंबर २०२२ मध्ये हिमवादळाने अमेरिकेतील साऱ्याच कंपन्यांना गाठले; इतर कंपन्या दोन-तीन दिवसांत सावरल्या, परंतु साउथवेस्टची सुमारे सतरा हजार उड्डाणे रद्द झाली, कारण आपले वैमानिक व परिचारक या घटकेला कोणत्या गावी आहेत हेच तिच्या जुन्या प्रणालीला कळेनासे झाले. विमाने होती, माणसे होती, हवा निवळलेली होती. माणसे दूरध्वनीवर तासन्‌तास ताटकळत आपण कोठे आहोत हे कचेरीला सांगण्याचा प्रयत्न करीत होती.

आपल्याकडील प्रसंग याहून निराळ्या जातीचा. वैमानिकांना आठवड्याला ३६ ऐवजी ४८ तास विसावा द्यावा, रात्रीच्या उतरणी कमी कराव्यात, असे नवे नियम महासंचालनालयाने जानेवारी २०२४ मध्ये जाहीर केले आणि त्यांचा दुसरा टप्पा १ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाला. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात देशातील सर्वांत मोठी कंपनी इंडिगो हिची उड्डाणे शेकड्यांनी रद्द होऊ लागली. ५ डिसेंबरच्या एका दिवसात हजाराहून अधिक. मुंबई-पुण्याच्या विमानतळांवर सामानाचे ढीग आणि माणसांचे हाल सर्वांनी पाहिले. सरकारला नियमांतून तात्पुरती सूट द्यावी लागली आणि कंपनीच्या फेऱ्याही कमी कराव्या लागल्या. येथे माहिती अचानक हरवली असे म्हणता येणार नाही. विसाव्याचे बारा तास वाढले तर तेवढ्याच वेळापत्रकाला किती अधिक वैमानिक लागतील हा त्रैराशिकाचा प्रश्न आहे, आणि तो सोडविण्यास जवळजवळ दोन वर्षे मिळाली होती. उत्तर कोणाच्या तरी पडद्यावर असणारच. ते ज्याच्या पडद्यावर होते त्याला हिवाळी वेळापत्रक आखडते घेण्याचा अधिकार नसावा, किंवा ज्याला अधिकार होता त्याला ते उत्तर गैरसोयीचे वाटले असावे. बाहेरून पाहणाऱ्याला याहून तिसरा तर्क करणे कठीण जाते.

या सर्व गोष्टींचा एकत्र धडा पाहावयाचा असेल तर एअर इंडियाकडेच परत यावे लागते, कारण या संस्थेला एकाच अनुभवातून दोनदा जावे लागले आणि दोन्ही वेळा परिणाम भिन्न झाला. २००७ मध्ये एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्स यांचे विलीनीकरण झाले. नाव एक झाले, अध्यक्ष एक झाले, विमानांवरील रंगही एक होऊ लागला. पण आरक्षणाची दफ्तरे दोन राहिली. एआय आणि आयसी ही दोन संकेताक्षरे पुढे चार वर्षे शेजारी शेजारी नांदत होती, आणि २०११ साली एकच प्रणाली अमलात आल्यावर आयसी लोपले. या काळात एका घराच्या दोन खोल्यांत कोणत्या खुर्च्या रिकाम्या आहेत हे एकमेकींना सहजासहजी कळत नव्हते. मग विलीनीकरणाचा जो मुख्य लाभ, म्हणजे एका कंपनीच्या विमानातून उतरलेला प्रवासी दुसरीच्या विमानात विनासायास चढविणे, तो मिळणार कसा? जागतिक विमान कंपन्यांच्या स्टार संघात प्रवेशाचे निमंत्रण २००७ मध्येच आले होते. पूर्वतयारी अपुरी म्हणून ते २०११ मध्ये स्थगित झाले आणि प्रत्यक्ष प्रवेश जुलै २०१४ मध्ये मिळाला. या विलंबाला कर्मचाऱ्यांच्या वेतनश्रेणींपासून राजकीय हस्तक्षेपापर्यंत अनेक कारणे होती हे खरे. पण दफ्तर एक नसताना संस्था एक मानण्याची घाई हे त्यांतील एक ठळक कारण होते असे माझे मत आहे.

दुसरी वेळ २०२४ ची. जानेवारी २०२२ मध्ये एअर इंडिया पुन्हा टाटांकडे आली आणि त्यांचीच विस्तारा ही कंपनी तिच्यात मिळवायचे ठरले. या वेळी क्रम उलटा होता. विलीनीकरणाचा दिवस १२ नोव्हेंबर धरला, आणि त्या दिवसानंतरच्या प्रवासाची विस्ताराच्या नावावरील विक्री ३ सप्टेंबरपासूनच थांबविली. आधी काढलेली तिकिटे नव्या नोंदीत वळविली. विस्ताराच्या उड्डाणांना एअर इंडियाच्या क्रमांकमालिकेत दोनने सुरू होणारे आकडे दिले, म्हणजे ९५५ चे २९५५ झाले, जेणेकरून वाट पाहणाऱ्या नातेवाइकालाही कोणते विमान कोणाचे हे ओळखता यावे. ११ नोव्हेंबरच्या रात्री एक कंपनी मावळली आणि सकाळी प्रवासी नेहमीसारखे चढले. वर्तमानपत्रांत याची बातमी लहान आली, आणि या क्षेत्रात लहान बातमी हीच शाबासकी समजावी. दरम्यान नरिमन पॉइंटवरची एअर इंडियाची ती प्रसिद्ध इमारत १,६०१ कोटी रुपयांस विकत घेण्याचा निर्णय महाराष्ट्र शासनाने २०२३ मध्ये केला; म्हणजे मोताळ्याच्या पैसेवारीची कागदपत्रे कदाचित त्याच मजल्यांवर जाऊन पोहोचतील.

सगळे दफ्तर एका ठिकाणी आणण्याला किंमतही असते. एअर इंडियाची प्रवासी नोंद सीटाच्या यंत्रांवर होती. २०२१ च्या आरंभी त्या यंत्रांत चोरटे शिरले आणि जगभरातील सुमारे ४५ लाख प्रवाशांची नावे, जन्मतारखा, पारपत्रांचा तपशील उघडा पडला. चोरीला गेलेल्या नोंदी ऑगस्ट २०११ पासूनच्या होत्या. दहा वर्षांपूर्वीच्या प्रवाशाच्या पारपत्राचा क्रमांक आजच्या कोणत्या निर्णयासाठी जपून ठेवला होता, हा प्रश्न त्या वेळी फारसा विचारला गेला नाही. आमच्या महसुली दफ्तरांतही जुने कागद किती वर्षांनी नष्ट करावेत याचे वर्गवार नियम असतात. विमान कंपन्यांनी ते पाहण्यासारखे आहेत.

शेवटी आपल्या भागाचा मुद्दा. मोताळ्याच्या माणसाला जवळची विमानतळे म्हणजे जळगाव, संभाजीनगर आणि, नावापुरते, अकोल्याजवळचे शिवणी. २०१६ च्या उडान योजनेने लहान गावांच्या मार्गांना सरकारी तूटनिधी देऊ केला. सुमारे तासाभराच्या प्रवासाला अडीच हजार रुपयांची मर्यादा घातली आणि विमानातील काही खुर्च्या त्या दराने राखून ठेवल्या. जळगावहून २०१७ च्या अखेरीस मुंबईचे विमान सुरू झाले, बंद पडले, दुसऱ्या कंपनीने चालविले, तेही थांबले. २०२४ मध्ये गोव्याच्या फ्लाय ९१ ने आपल्या पंख्यांच्या एटीआर विमानांनी जळगावची विमानसेवा पुन्हा सुरू केली. अशा मार्गाचे भवितव्य ज्या तक्त्यावर ठरते त्यात विकलेल्या खुर्च्या असतात, संकेतस्थळावर शोध घेऊन परत गेलेल्यांची संख्याही अलीकडे असते. पण मलकापूर स्थानकावर उभा राहून मुंबईची गाडी पकडणारा आणि जळगावला विमान आहे हेच ठाऊक नसलेला, किंवा ते गेल्या वेळी बंद पडले म्हणून पुन्हा चौकशीच न केलेला माणूस त्या तक्त्यात कोठेच नसतो. प्रणाली आलेल्या गिऱ्हाइकाला मोजते. न आलेल्याला मोजायचे तर रेल्वेच्या आरक्षणाचे आणि रातराणी बसगाड्यांच्या तिकिटांचे आकडे शेजारी ठेवून पाहावे लागतात. विमान कंपन्यांचे वेळापत्रक वर्षातून दोनदा, मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी बदलते. त्याच्या काही महिने आधी कोणते विमान कोठे लावायचे याची आखणी चालू असते, आणि जिल्ह्यातील व्यापारी संघटनांना, बाजार समित्यांना किंवा लोकप्रतिनिधींना हे न मोजलेले आकडे कंपनीपुढे ठेवायचे असतील तर ते त्या मुदतीतच ठेवले पाहिजेत. वेळापत्रक छापून झाल्यावर दिलेले निवेदन पुढल्या हंगामाच्या फायलीत जाते.